रिसॉर्टची २५ वर्षांची मेंबरशिप: साडेचार लाखांत खरंच भागतं का?

गोदाकाठ (नांदेड) | ११ नोव्हेंबर, रात्री १०:२०

मंडळी, रविवारी एक उद्योग करून बसलोय, म्हणून विचारतो.

महिन्याखाली पेट्रोल पंपावर एका पोरानं कूपन भरून घेतलं होतं. शुक्रवारी फोन आला, तुमचा नंबर लागला, जोडीनं या आणि गिफ्ट घेऊन जा. एकट्याला देत नाहीत हे तीनदा सांगितलं. गेलो. दीड तास म्हणाले होते, साडेतीन तास बसवलं. गाणी मोठ्यानं लावलेली, थंडगार एसी, लेकराच्या हातात फुगा. आधी एक पोरगी बोलली, मग तिचा साहेब, मग साहेबाचा साहेब. दर वेळी किंमत खाली आली, पण 'आजच्या आज घेतली तर'च.

ठरलं ते असं. ४,५०,००० रुपये जीएसटीसकट, २५ वर्षं, वर्षाला ७ रात्री, एक बेडरूम. ६७,५०० कार्डानं तिथंच भरले. बाकीचे ४८ हप्ते, दरमहा १०,६४५. शिवाय दरवर्षी मेंटेनन्स, सध्या करासकट २०,०००. ही गोष्ट त्यांनी उठता उठता सांगितली.

साहेबानं कागदावर गणित मांडलं. २५ गुणिले ७ म्हणजे १७५ रात्री, एका रात्रीला २,५७१ रुपये. 'आज एवढ्यात साधं लॉज तरी मिळतं का सर?' मला काही सुचेना. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर टाळ्या वाजल्या. कुणीतरी घेतली म्हणे. मग आम्हीपण घेतली.

घरी आल्यावर वडील एवढंच म्हणाले, 'सातबारा कुठाय?' गणित बरोबर आहे का चूक, कुणी सांगेल का?

मामा_लातूरकर | ११ नोव्हेंबर, रात्री १०:३१

गिफ्ट काय मिळालं ते आधी सांगा.

गोदाकाठ | ११ नोव्हेंबर, रात्री १०:३४

कॅसरोल. तीन डब्यांचा सेट.

मामा_लातूरकर | ११ नोव्हेंबर, रात्री १०:३५

म्हणजे डबा २२,५०० ला पडला. झाकणासकट.

आकडेमोड (छत्रपती संभाजीनगर) | ११ नोव्हेंबर, रात्री ११:४८

बँकेत २२ वर्षं कर्जाच्या टेबलावर काढली, त्यामुळं हात शिवशिवायलेत. मामांची चेष्टा बाजूला ठेवून बघू.

साहेबाचा भागाकार बरोबर आहे. भागायला घेतलेला आकडा तेवढा अपुरा आहे. तीन गोष्टी गाळल्यात.

पहिली, हप्त्याचं व्याज. १०,६४५ गुणिले ४८ म्हणजे ५,१०,९६०. तुमची बाकी होती ३,८२,५००. वरचे सव्वा लाखाहून जास्त व्याजात गेले. दर १५ टक्क्यांच्या आसपास येतो.

दुसरी, मेंटेनन्स. आज २०,०००. दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढला तर पंचविसाव्या वर्षी ८१,००० होतो, आणि २५ वर्षांची बेरीज जवळपास ११ लाख. मूळ किमतीच्या दुपटीहून जास्त! खरी किंमत ही आहे. साडेचार लाख म्हणजे नुसता उंबरठा.

तिसरी, पैशाचं भाडं. साडेचार लाख एफडीत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ३१,५०० येतात आणि मुद्दल जागेवर राहतं. इथं २५ वर्षांनंतर मुद्दल शून्य. गोदाकाठच्या वडलांचा सातबाऱ्याचा प्रश्न अगदी नेमका आहे. मालकी कशाचीच मिळत नाही, मिळतो तो राहण्याचा हक्क.

पहिल्या वर्षाचंच घ्या. बुडालेलं व्याज ३१,५०० आणि मेंटेनन्स २०,०००, मिळून ५१,५००. सातही रात्री राहिलात तर रात्रीला ७,३५७. तीनच राहिलात तर १७,१६७. जेवण, प्रवास वेगळा.

हिमरू_शाल (छत्रपती संभाजीनगर) | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

आकडेमोड साहेब, एकतर्फी झालं हं. मी २००८ पासून मेंबर आहे. कंपनी कोणती ते सांगत नाही, नाहीतर जाहिरात केल्यासारखं होईल. आम्ही दोघंही डॉक्टर, स्वतःचा दवाखाना. सुट्टी आपणहून घेण्यातले आम्ही नव्हतोच. पैसे भरलेत, आता रात्री वाया जातील या भीतीनं दरवर्षी निघालो. कूर्ग, मुन्नार, कुंभलगड, गोवा तर चारदा. सासूबाईंना पंचाहत्तराव्या वर्षी उटीला नेलं. खोलीत छोटंसं स्वयंपाकघर असतं, त्यांचं पथ्याचं तिथंच करता आलं. हॉटेलात हे जमलं असतं का?

दुसरं, तुम्ही मेंटेनन्स ६ टक्क्यांनी वाढवला. हॉटेलवाले काय २५ वर्षं आजच्याच भावात खोली देणार आहेत? तेपण वाढवा की!

आकडेमोड | १२ नोव्हेंबर, दुपारी १:१५

मुद्दा मान्य. रात्रीचं गणित घाईत झालं. जेवणाच्या सुट्टीत परत मांडलं.

साधारण तशीच खोली आज ६,००० ला धरू. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के झालाय, आधी १२ होता. मेंबरशिपच्या मेंटेनन्सवर मात्र १८ च. म्हणजे ७ रात्रींचे आज ४४,१००. हे भाडंही दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढवलं आणि दोन्हीकडचा २५ वर्षांचा खर्च ७ टक्क्यांनी आजच्या पैशात आणला, म्हणजे तो सगळा भागवायला आज ७ टक्क्यांच्या एफडीत किती ठेवावे लागतील ते काढलं. हॉटेल ९ लाख ८७ हजार. मेंबरशिप, सगळे पैसे रोख भरले तर, ८ लाख ९८ हजार.

तेव्हा डॉक्टरसाहेब, तुम्ही जिंकलात. पण ९० हजारांनी, २५ वर्षांत, तेही एकही रात्र वाया न घालवता. उलटं करून पाहिलं तर वर्षाला साधारण ६.४ रात्री वापरल्या तर बरोबरी होते. गोदाकाठसारखी हप्त्यानं घेतली तर ६.८. सातातली एक रात्र सोडली की तोटा सुरू.

हिमरू_शाल | १२ नोव्हेंबर, दुपारी १:४०

जिंकलो एवढंच वाचलं. धन्यवाद.

सोयाबीनवाला (औसा) | १२ नोव्हेंबर, रात्री ८:५०

मलापण बोलावलते, २०१६ च्या एप्रिलात. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलंय, घरी आठ दिवसाला एक टँकर, आणि टाय घातलेलं पोरगं मला स्विमिंग पूलचा फोटो दाखवायलंय. मी म्हणलं, बाबा, हे पाणी इकडं धाडता येतंय का? ते हसलंच नाही. त्याला तसं शिकवलं नसंल.

आमच्यासारख्याचं एक सांगतो. त्यांचा सीझन आणि आपला सीझन जुळत नाही. मे महिन्यात लग्नं. जूनमध्ये पेरणी. ऑक्टोबरात सोयाबीन काढणी, मळणी, मग भावाची वाट बघत बसायचं. मोकळं होतो ते जानेवारी-फेब्रुवारीत, तर तेव्हा लेकरांची शाळा.

पूर्णाकाठी (परभणी) | १२ नोव्हेंबर, रात्री ९:२२

सीझनवरून आठवलं. गोदाकाठ, तुमच्या कार्डावर रंग कोणता आहे? बऱ्याच कंपन्या वर्षाचे आठवडे रंगांत वाटतात. दिवाळी, नाताळ, मे हे सगळ्यात महाग रंगात. खालच्या रंगाचं कार्ड असेल तर वरच्या रंगाच्या तारखा मिळत नाहीत, किंवा फरक भरावा लागतो. माझ्या नणंदेनं स्वस्तातला रंग घेतला. तिला महाबळेश्वर मिळतं ते जुलैत. धो धो पावसात. खिडकीतून धुकं बघून आले चौघं, चार दिवस पत्ते कुटले.

गोदाकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

वरून दुसरा रंग आहे. दिवाळी-नाताळ नाही, मे मधले 'काही' आठवडे आहेत म्हणाले.

मामा_लातूरकर | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४१

'काही' या शब्दावर २५ वर्षं काढायचीत. हिंमत आहे राव.

ट्युशनची_आई (लातूर) | १२ नोव्हेंबर, रात्री ११:१०

माझा अनुभव थोडा लांब आहे, पण वाचा.

आम्ही २०१७ ला घेतली. तेव्हा मोठी सातवीत, धाकटा चौथीत. पहिली दोन वर्षं हौसेनं गेलो. मग मोठीची दहावी, आणि मधेच कोरोना. मग तिचं अकरावी-बारावी नीटसाठी. लातुरात राहणाऱ्यांना सांगायला नको, त्या दोन वर्षांत घरात टीव्हीसुद्धा पांघरूण घेऊन झोपतो. तिचं संपलं तर धाकट्याची दहावी, मग त्याची अकरावी-बारावी. न वापरलेल्या रात्री पुढं नेता येतात म्हणाले होते. येतात, पण ठरावीक वर्षंच, आणि मेंटेनन्स भरलेला असेल तरच. आम्ही एक वर्ष भरला नाही. त्यावर व्याज लागलं आणि साठलेल्या रात्रींचं बुकिंगही बंद झालं. न जाता पैसे भरत होतो आणि भरले नाहीत म्हणून जाता येत नव्हतं.

त्यांनी गणितात २५ वर्षं धरली. आपल्याकडं दोन लेकरं असलेल्या घरात त्यातली पाच-सहा वर्षं क्लासवाल्यांच्या नावावर आधीच बुक असतात. गोदाकाठ भाऊ, तुमची मुलं कितवीत आहेत?

गोदाकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ११:२५

मुलगी नववीत. मुलगा सहावीत.

ट्युशनची_आई | १२ नोव्हेंबर, रात्री ११:२६

अरे देवा.

नानखलिया | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:००

मला कळत नाही, आपल्या म्हैसमाळला काय कमी आहे? खुलताबादहून वर चढलं की झालं. पावसाळ्यात तर बघायलाच नको. वेरूळ पायथ्याशी. मेंटेनन्स शून्य.

पूर्णाकाठी | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

गर्दी शून्य नाही ना. मागच्या ऑगस्टात अर्धा दिवस गाडीतच बसून म्हैसमाळ बघितलं. पण तुमच्या बोलण्यातून एक आठवलं. मराठवाड्यात राहून हे रिसॉर्ट गाठायचे म्हणजे प्रवासच केवढा. परभणीहून महाबळेश्वर म्हणजे एक अख्खा दिवस जायला, एक यायला. गोवा तर विचारूच नका. पुण्या-मुंबईवाला शुक्रवारी संध्याकाळी निघून दोन रात्री वापरून येतो. आपल्याला दोन रात्रींसाठी दोन दिवस रस्त्यावर. गाडीचं डिझेल आणि टोल आकडेमोड साहेबांच्या वहीत कुठं आलं नाही.

आकडेमोड | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

ताई, प्रवास हॉटेलात राहिलं तरी लागतोच, म्हणून दोन्हीकडून कापला. पण दोन-दोन रात्री तोडून वापरणं आपल्याला परवडत नाही हे खरं. सलग सात दिवस रजा मिळाली तरच.

अंबाजोगाई_टू_फ्लोरिडा | १३ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

मी ऑरलँडोजवळ राहतो. हे गाव म्हणजे टाइमशेअरची, म्हणजे तुमच्या या मेंबरशिपसारख्याच प्रकाराची, पंढरी. डिस्नेला आलेल्या प्रत्येकाला कुणीतरी फुकट नाश्त्याला बोलवतं. तुमचा कॅसरोल, इथं पार्कचं तिकीट.

मुळात ही कल्पना १९६० च्या दशकात फ्रान्सच्या आल्प्समध्ये निघाली. हॉटेलची खोली दरवर्षी भाड्यानं घेण्यापेक्षा एक आठवडा विकतच घ्या. पुढं १९७४ मध्ये आरसीआय ही अदलाबदल करणारी कंपनी सुरू झाली, म्हणजे आपला आठवडा देऊन दुसऱ्या गावातला घ्यायचा. तुमच्याकडंही 'जगभरात कुठंही जा' सांगतात ते असल्याच कंपन्यांच्या जोरावर. त्याची फी वेगळी, आणि तिथं जागा असेल तर.

इथं बरेच टाइमशेअर रीतसर खरेदीखतानं मिळतात, वारसांकडंही जातात. ऐकायला भारी. पण त्याबरोबर मेंटेनन्सही जातो. म्हणून लोक एक डॉलरला विकायला काढतात आणि तरी कुणी घेत नाही. तुमची २५ वर्षांनी संपते तरी!

फ्लोरिडात कायद्यानंच १० दिवसांत करार रद्द करता येतो. युरोपात १४. आपल्याकडं काय आहे, कुणी वकील आहेत का?

कोर्टाची_पायरी (परभणी) | १३ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

आहे. एवढे लोक एवढं बोलले आणि कामाचं हे शेवटी विचारलं.

भारतात टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही. रद्द करण्याची मुदत करारातच शोधावी लागते. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक करारांत ती १० दिवसांची होती, कधी सहीपासून, कधी पैसे भरल्यापासून. गोदाकाठ, तुम्ही रविवारी ९ तारखेला सही केली. आज १३. हा धागा वाचत बसू नका, करार काढा.

मुदत सापडली की ईमेल करा, आणि त्याच मजकुराचं पत्र स्पीड पोस्टानं त्यांच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा. पावती जपून ठेवा. फोनवर 'रद्द करतो' म्हणू नका. फोनवर ते तुम्हाला आणखी दोन रात्री फुकट देतील आणि मुदत निघून जाईल.

हप्ते कुणाला जातात तेही बघा. कंपनीलाच असतील तर एक. दुसऱ्या फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर तो करार वेगळा, मेंबरशिप रद्द झाली म्हणून कर्ज आपोआप मिटत नाही. दोघांनाही लिहा. खात्यातून आपोआप कपातीला दिलेली परवानगी बँकेत जाऊन थांबवा.

वेळ टळून गेली असेल तर ग्राहक आयोग. करारात कुठल्या तरी लांबच्या शहराचं न्यायालय लिहिलेलं असेल, त्याला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला नांदेडातच. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून बघा, पुष्कळदा तिथंच मिटतं.

सोयाबीनवाला | १३ नोव्हेंबर, रात्री ७:३०

वकीलसाहेब, माझ्या चुलत्यानं असंच एका क्लबात पैसे भरलते. राहायचं नसंल तर काही वर्षांनी व्याजासकट परत म्हणले होते. एजंट गावातलाच, मास्तर. क्लब बुडाला, मास्तर अजून दुसऱ्या गल्लीनं जातो.

कोर्टाची_पायरी | १३ नोव्हेंबर, रात्री ८:०५

ते प्रकरण वेगळं. 'राहा नाहीतर जास्त पैसे परत घ्या' म्हणलं की ती सुट्टी राहत नाही, ठेव होते. अशा काही सुट्टी-क्लबांना सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर आणि गुंतवणूक योजनांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१४ नंतर सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून पैसे परत करायचे आदेश दिलेत. गोदाकाठच्या करारात परताव्याचा शब्द नसेल तर ती साधी सेवा आहे. महाग असणं हा गुन्हा नाही.

हिमरू_शाल | १३ नोव्हेंबर, रात्री ८:४०

हे बरं झालं सांगितलंत. सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नका.

एक सावधगिरी जुन्या मेंबरांसाठी. 'तुमची मेंबरशिप विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे' असे फोन येतात. आधी ना-हरकत पत्राचे किंवा कराचे म्हणून वीस-तीस हजार मागतात. आमच्या एका स्नेह्यांनी दोनदा भरले. गिऱ्हाईक कधी आलंच नाही.

गोदाकाठ | १४ नोव्हेंबर, रात्री ११:५५

सगळ्यांचे आभार. आज दोन कामं केली.

करार वाचला. बावीस पानं, अक्षर मुंगीएवढं. वडलांचं भिंग घेऊन बसलो. १० दिवस रद्द करता येतं हे चौदाव्या पानावर सापडलं, 'सामान्य अटी'च्या पोटात. मेंटेनन्सचं कलम बघा: महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढेल, 'किंवा कंपनी वेळोवेळी ठरवेल त्याप्रमाणे'. एक बेडरूममध्ये चार मोठी माणसं. आई-वडील धरून आम्ही सहा. मुलगी बारा वर्षांवरची म्हणून मोठ्यात मोजणार, म्हणजे पाच मोठी आणि एक लहान. बाहेरचं जेवण आत नेता येत नाही. हे एवढं पटापट कळलं असतं तर त्या दिवशी टाळ्या वाजायच्या आधीच उठलो असतो.

दुसरं काम बायकोनं केलं. आमच्याकडं जुनी कालनिर्णयं फेकत नाहीत, मागच्या बाजूला दुधाचा हिशेब असतो. तिनं २०१५ ते २०२४ अशी दहा वर्षांची खाली काढली. बाहेरगावी गेलो की ती दूधवाल्याचे खाडे मांडते, त्यावरून मोजलं. तिरुपती ३, गणपतीपुळे ४, महाबळेश्वर २, केरळ ५, शिर्डी १, गोवा ४. लग्नं आणि माहेर सोडून. दहा वर्षांत एकोणीस रात्री. त्यातल्या तिरुपतीच्या तीन देवस्थानच्या खोलीत.

आकडेमोड साहेब वर्षाला ६.८ म्हणाले होते. आमच्या दोनसुद्धा भरत नाहीत.

खरं सांगायचं तर मेंबरशिप तिलाच हवी होती. कागद बाजूला ठेवून म्हणाली, मला वाटलेलं आपण जास्त फिरलोय.

ट्युशनची_आई | १५ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

हे वाचून कसंसंच झालं. रद्द करा, पण वहिनींना कुठंतरी न्या हो. मुलीची दहावी सुरू व्हायच्या आत.

हिमरू_शाल | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

माझ्या साठलेल्या रात्री आहेत. पाहुण्यांच्या नावानं बुक करता येतं, थोडी फी लागते. गंभीरपणे सांगतोय, व्यक्तिगत निरोप करा. आधी राहून बघा, मग ठरवा काय ते.

मामा_लातूरकर | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१२

डॉक्टर, रात्री वाया जातायत हे असं कबूल करतात होय?

हिमरू_शाल | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

गुडघे झाले मामा. ६.४ चं वय गेलं.

गोदाकाठ | ६ डिसेंबर, रात्री ९:१५

अपडेट द्यायचं राहून गेलं. १५ लाच ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही केलं. पुढचे चार दिवस फोन. आधी गोड, मग आणखी ५० हजार कमी, मग 'सर, माझी नोकरी जाईल'. त्या पोराचं वाईट वाटलं, पण वकीलसाहेबांचं ऐकलं, सगळं ईमेलवरच बोला म्हणालो. काल मेल आला. रद्द झालं, पैसे ४५ दिवसांत कार्डावर जमा होतील.

डॉक्टरसाहेबांच्या कृपेनं जानेवारीत तीन रात्री कूर्ग. मुलीची शाळा बुडणार, बायको म्हणाली बुडू दे.

एकच अडचण. मेलमध्ये खाली लिहिलंय, भेटवस्तू मूळ अवस्थेत परत करावी. त्यात सध्या ज्वारीच्या भाकरी आहेत.

मामा_लातूरकर | ६ डिसेंबर, रात्री ९:१७

मूळ अवस्थेत म्हणजे खोक्यात. भाकरीचं काही लिहिलेलं नाही. तशाच पाठवा.